एक्की: साकवाला मानवले, दाराला नाही

कर्लीच्या खाडीला मिळणाऱ्या एका लहानशा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आमचे घर आणि पलीकडे माडा-पोफळींची बागायत आहे, आणि या दोहोंना जोडणारा साकव हा आमच्या घराण्यातला पिढीजात खर्च आहे. वडिलांच्या काळात दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, दोन जुने माड तोडून आडवे घालायचे, त्यांवर पोफळीच्या चिपा ठोकायच्या आणि गणपती येईपर्यंत तो टिकला म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे समजायचे, अशी रीत होती. खोड मधोमध कधी मोडत नसे. ते कुजायचे दोन्ही टोकांना, जिथे ते चिऱ्यांच्या बांधावर टेकते आणि पावसाचे पाणी, माती व पाचोळा एकत्र साचून राहतो. सिमेंटचा साकव बांधायचा तर खडी-वाळू नेणारी गाडी व्हाळापर्यंत पोहोचत नाही, आणि लोखंडी केला तर भरतीचे खारे पाणी व वरची खारी हवा मिळून पाच-सात वर्षांत त्याचे पापुद्रे काढतात, हे शेजारच्या वाडीतल्या लोखंडी कठड्यावर आम्ही रोज पाहतो. म्हणून लाकडाचाच, पण एकदाच काय तो करावा, या विचाराने मी निवृत्तीनंतर शोधाला लागलो आणि त्यातून पश्चिम आफ्रिकेतल्या एक्की या लाकडाशी गाठ पडली. साकव २०२२ च्या एप्रिलात उभा राहिला. तीन पावसाळे त्याच्या डोक्यावरून आणि पायाखालून गेल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. उरलेल्या लाकडाची घराच्या मागच्या दाराला चौकट केली होती, तिचाही हिशेब यात आला आहे, कारण लाकडाची खरी ओळख मला साकवापेक्षा त्या चौकटीने अधिक करून दिली.

प्रथम खरेदीबद्दल, कारण तिथेच पहिली ठेच लागली. शहरातल्या ज्या वखारीतून हा माल घेतला तिने तो 'आफ्रिकन साग' या नावाने विकला आणि पावतीवरही तेच नाव घातले. आपल्याकडे या नावाखाली काय वाटेल ते विकले जाते. कधी ते इरोको असते, कधी अफ्रोर्मोसिया, आणि कधी या दोहोंशी काडीचाही संबंध नसलेले तिसरेच काही. इरोको आणि अफ्रोर्मोसिया ही दोन्ही लाकडे आपापल्या जागी उत्तम आहेत, रंगाने व वापराने सागाच्या जवळपास जातात, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांतले एकही साग नव्हे. मी वखारीत पोहोचलो तेव्हा तिथल्या कामगाराने एका फळीचे टोक उचलून दाखवले आणि दुसऱ्या हाताने लगेच कमरेला आधार दिला. त्या हालचालीवरूनच हे सागाच्या कुळातले नाही एवढे मला कळले. हातभर लांबीचा तुकडा मागून घेऊन तो वखारीच्या हौदात टाकला, तर तो दगडासारखा सरळ तळाला गेला. ओलसर लाकूड तसेही जड असते, त्यामुळे एवढ्यावर निदान करू नये. पण रंध्याने एक बाजू साफ केल्यावर दिसलेला रंग गडद तपकिरी, जांभळ्याकडे झुकणारा होता आणि त्यात लांबट छिद्रांमधून पांढऱ्या कणांच्या बारीक रेघा भरलेल्या होत्या, जणू कोणी भिजल्या लाकडात तांदळाची पिठी घासली असावी. आडव्या छेदावर फिकट रंगाचे पातळ पट्टेही डोळ्यांना दिसत होते. ही तिन्ही लक्षणे एकत्र आली म्हणजे एक्कीचा संशय घ्यावा. मालकांना विचारल्यावर त्यांनी फार आढेवेढे न घेता, आयातीच्या कागदावर 'अझोबे' असे लिहिले आहे, हे मान्य केले.

अझोबे आणि एक्की ही एकाच झाडाची नावे आहेत. फ्रेंच भाषा चालणाऱ्या कॅमेरून-गॅबॉनकडच्या व्यापारात अझोबे म्हणतात, इंग्रजी चालणाऱ्या देशांत एक्की, घानामध्ये काकू, आणि जर्मन बाजारात बोंगोसी. शास्त्रीय नाव लोफिरा अलाटा. 'अलाटा' म्हणजे पंख असलेली. फळाला चिकटून राहणाऱ्या निदलांपैकी (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांपैकी) एक लांब वाढून पंखासारखे होते, त्यावरून हे नाव पडले. सिएरा लिओनपासून गॅबॉन-काँगोपर्यंतच्या, भरपूर पावसाच्या सदाहरित जंगलात हे झाड वाढते, पन्नास मीटरच्या आसपास उंच जाते आणि दीड मीटर व्यासाचा सरळसोट बुंधा धरते. त्याला लहानपणी ऊन लागते, गर्द सावलीत त्याचे रोप तग धरत नाही. आपल्या किनाऱ्यासारख्याच धुवांधार पावसाच्या किनारपट्टीवरचे हे झाड आहे, ही गोष्ट मला खरेदी करताना धीर देणारी वाटली. तो तर्क अर्धाच बरोबर होता.

आता वजनाचे पाहू, कारण या लाकडाचे गुण आणि दोष दोन्ही तिथून निघतात. चांगले वाळलेले एक्की घनमीटरला सुमारे १,०६० किलो भरते. सागाचा आकडा साधारण ६५५ आहे. वखारीच्या भाषेत सांगायचे तर एक्कीचा एक घनफूट ३० किलोंचा आणि सागाचा साडेअठरा किलोंचा. आमच्या साकवाच्या दोन मुख्य तुळया प्रत्येकी सोळा फूट लांब, आठ इंच उंच आणि सहा इंच जाड आहेत. म्हणजे एक तुळई सव्वापाच घनफुटांची आणि वाळलेल्या लाकडाच्या हिशेबाने १६० किलोंची. आमचा माल ओलसर होता, तेव्हा प्रत्यक्षात ती त्याहूनही भारी असणार. टेम्पो थांबला त्या जागेपासून व्हाळापर्यंतची वाट जेमतेम एक माणूस चालेल एवढी. आठ जणांनी बांबूला दोर लावून, पालखी न्यावी तशी, एकेक तुळई नेली आणि मध्ये तीनदा टेकली. ज्यांना हे लाकूड मागवायचे आहे त्यांनी दराच्या आधी वाटेचा विचार करावा. माझ्या वेळी घनफुटाचा दर उत्तम प्रतीच्या सागापेक्षा बराच कमी पडला होता, पण हमाली, गिरणीतली कापणी आणि मोडलेली हत्यारे धरून हिशेब केला तेव्हा तो फरक जवळजवळ बुजून गेला.

कठीणपणा मोजण्याची एक सोपी रीत आहे. साधारण सव्वा सेंटिमीटरहून थोडी लहान पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतेपर्यंत दाबायची आणि त्याला किती जोर लागला ते पाहायचे. याला जांका कसोटी म्हणतात. सागाला या कसोटीत सुमारे ४८५ किलोंचा जोर लागतो, एक्कीला १,४६० किलोंच्या आसपास, म्हणजे तिप्पट. युरोपात बांधकामाच्या लाकडाची ताकदीनुसार प्रतवारी करतात, तीत निवडक अझोबेला डी-७० ही फार वरची प्रत मिळते. हॉलंडमध्ये कालव्यांच्या लॉकचे दरवाजे, धक्क्यांचे खांब आणि पूल यांसाठी हे लाकूड अनेक दशके वापरात आहे, आणि रेल्वेच्या रुळांखालच्या आडव्या स्लीपरांसाठीही त्याचा वापर झालेला आहे. ही शेवटची गोष्ट आमच्या मेस्त्रींना ठाऊक नव्हती. तरीही पहिल्या फळीवर करवत चालवून पाच मिनिटांनी त्यांनी ती टेकवली, घाम पुसला आणि म्हणाले, "मास्तरांनू, ह्यां लाकूड नाय, रेल्वेचो रूळ आसा."

त्यांचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. आमच्याकडच्या गिरणीवाल्याने तुळयांच्या कडा सरळ करून देताना पट्टाकरवतीचे पाते दोनदा बदलले, आणि जळक्या लाकडाचा वास पार रस्त्यापर्यंत आला. तेव्हा कळले की साध्या पोलादी दातांनी हे काम करू नये. कार्बाइडची टोके बसवलेले पाते हवे आणि ते संथ, सारख्या गतीने चालवायला हवे. एक्कीचे तंतू एका दिशेने जात नाहीत. थोड्या अंतरावर एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे असे ते आलटून-पालटून कललेले असतात, त्यामुळे रंधा अर्ध्या फळीवर छान गुळगुळीत चालतो आणि पुढच्या अर्ध्यावर त्याच दिशेने चालवला तर बारीक ढलप्या उपटून काढतो. मेस्त्रींनी अखेर रंध्याचे पाते अगदी केसभर बाहेर ठेवून, फळीला तिरपा धरून काम उरकले. पटाशीला धार दर दहा-पंधरा मिनिटांनी लावावी लागत होती. खिळा सरळ ठोकायचा तर विषयच नाही. आम्ही हौसेने चार इंची खिळ्यावर तीन घाव घातले आणि खिळा शिडाच्या काठीसारखा वाकला. प्रत्येक स्क्रूसाठी आधी पूर्ण खोलीचे भोक पाडावे लागले, आणि तेही ड्रिल हळू फिरवत, मधूनमधून बाहेर काढून भुसा झाडत. नाहीतर टोक तापून निळे पडते. तो भुसा अंगाला खाज आणतो. मेस्त्रींच्या मनगटावर पुरळ उठले, तेव्हा लांब बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके यांवाचून पुढचे काम केले नाही. स्क्रू आणि बोल्ट सगळे स्टेनलेस स्टीलचे घेतले, त्याचा खर्च बोचला, पण वीस-तीस वर्षे टिकणाऱ्या लाकडात पाच वर्षांत गंजणारे लोखंड घालणे म्हणजे शहाणपण गहाण ठेवणे होते.

तुळया बसवताना जुन्या अनुभवावरून एकच काळजी घेतली. टोके थेट चिऱ्यांवर न ठेवता खाली दोन-दोन इंचांचे एक्कीचेच ठोकळे दिले आणि टोकांच्या चारी बाजूंनी बोटभर हवा खेळेल एवढी जागा सोडली. वर सव्वीस फळ्या टाकल्या, प्रत्येक साडेतीन फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड. एकेक फळी पावणेनऊ किलोंची. दोन फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट. मधोमध आधाराला भरतीच्या पाण्यात दोन खांब उभे केले. खरे तर एवढ्या जाड तुळयांना चौदा फुटांच्या गाळ्यात खांबांची गरज नव्हती. पण एक्कीला खाऱ्या पाण्यातला किडा लागतो की नाही हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

या किड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खाडीकाठच्या लाकडाचा खरा वैरी तोच आहे. तेरेडो या नावाने ओळखला जाणारा हा प्राणी दिसायला अळीसारखा असला तरी तो शिंपल्यांच्या जातीचा आहे. त्याच्या डोक्याकडे दोन लहान खरखरीत शिंपले असतात आणि त्यांनी तो लाकूड किसत किसत आत शिरतो. लहानपणी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत गेलेला हा जीव पुढे आतच वाढतो, त्यामुळे खांब बाहेरून धडधाकट दिसतो आणि एके दिवशी हात टेकताच पोळ्यासारखा चुरतो. आमच्या जुन्या साकवाच्या वेळचा ऐनाचा एक खांब अजून व्हाळात उभा आहे. गेल्या मार्चमधल्या मोठ्या ओहोटीला त्याला कोयत्याने टोकरले, तर पाती मुठीपर्यंत आत गेली आणि आतले बोगदे पांढऱ्या चुन्याच्या अस्तरासह उघडे पडले. त्याच दिवशी एक्कीचे दोन्ही खांब खरवडले. वर कालवांचा आणि शेवाळाचा जाड थर होता, तो निघाल्यावर खालचे लाकूड काळेभोर, पण अखंड मिळाले. भोक एकही नाही, आणि कोयत्याच्या घावाने फक्त पांढुरकी रेघ उठली. घनतेचा आणि आतल्या लाकडात असलेल्या द्रव्यांचा असा दुहेरी पहारा असल्याने युरोपच्या थंड समुद्रात एक्की या कामी पक्के मानले जाते. उष्ण समुद्रात किड्याचा जोर फार अधिक असतो आणि तिथे कुठलेच लाकूड कायमचे अभेद्य समजू नये. शिवाय आमच्या व्हाळाचे पाणी जून ते सप्टेंबर जवळजवळ गोडे होते, आणि दीर्घकाळ गोड्या पाण्यात हा किडा तग धरत नाही. तेव्हा माझी परीक्षा बंदराच्या धक्क्याएवढी कडक नव्हती, हेही वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे. ऐनाचा खांब मात्र त्याच पाण्यात उभा होता.

कुजण्याच्या बाबतीत तुळयांनी निराश केले नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर दोन्ही टोके पाचोळा काढून पाहिली, तेव्हा रंग राखाडी झाला होता, पण सुरीचे टोक टोचत नव्हते. वाळवी जवळच्या बांधावर आहे, तिने चिऱ्यांवरून मातीचे नळ चढवले, ठोकळ्यांपर्यंत आली आणि परत गेली. सव्वीसपैकी एक फळी मात्र दगा देऊन गेली, आणि त्यात दोष लाकडापेक्षा माझ्या निवडीचा होता. एक्कीच्या बुंध्यात बाहेर फिकट गुलाबी रंगाचे कोवळे लाकूड असते, आत गडद पक्के लाकूड असते, आणि या दोहोंच्या मध्ये एक संक्रमणाचा पट्टा असतो, जो रंगाने पक्क्या लाकडाच्या जवळ जातो पण टिकाऊपणात तेवढा पोहोचत नाही. वखारीत सावलीत उभे राहून फळ्या निवडताना हा पट्टा माझ्या नजरेतून सुटला. अकराव्या क्रमांकाच्या त्या फळीची एक कड दुसऱ्या पावसाळ्यातच मऊ पडली, तिच्यावर छत्रीएवढी नव्हे पण बशीएवढी भूछत्रे उगवली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या नातवाचा पाय तिच्यातून खाली गेला. पाय खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. एक्की घेणाऱ्याने प्रत्येक फळी उन्हात आणून, एक बाजू ओली करून पाहावी. ओल्या लाकडावर फिकट पट्टा लगेच वेगळा उमटतो.

साकवाबद्दलची दुसरी तक्रार निसरडेपणाची. इतके घट्ट, गुळगुळीत लाकूड आपल्या पावसात भिजले आणि त्यावर शेवाळ धरले की बर्फासारखे होते. पहिल्याच श्रावणात दोन जण आपटले, त्यांत नारळाची जू घेऊन येणारा पाडेली, म्हणजे माडावरून नारळ पाडणारा गडीही होता. नंतर प्रत्येक फळीवर आडव्या, पाव इंच खोल खाचा पाडून घेतल्या. हे काम लाकूड कापण्याच्या वेळीच गिरणीत करून घेतले असते तर पुढचे दोन दिवसांचे ड्रिल-पटाशीचे हाल टळले असते.

तेल-रंगाचेही सांगतो. आपल्याकडे वाशांना, होड्यांना डिंकेल लावायची जुनी पद्धत आहे. काजूच्या टरफलाचे हे तेल वाळवीला दूर ठेवते आणि सच्छिद्र लाकडात चांगले मुरते. मी त्याच भरवशावर तुळयांना डिंकेलाचे दोन हात दिले. आंब्याची फळी जे तेल तासाभरात पिऊन टाकते, ते एक्कीवर आठ दिवस तसेच चिकट राहिले आणि त्यात माश्या, चिलटे, सुरंगीच्या वाळलेल्या पाकळ्या चिकटून तुळई नक्षीदार झाली. या लाकडात द्रव आत शिरतच नाही. कारखान्यात दाबाखाली औषध भरतात तेही त्यात फारसे जात नाही, आणि पक्क्या लाकडाला त्याची गरजही नसते. तेव्हा तेलाचा खर्च वाचवावा आणि त्याऐवजी नुकत्या कापलेल्या टोकांना मेणाचा किंवा डांबराचा जाड थर लावावा. टोकांतून ओल झपाट्याने उडते आणि मग चिरा पडतात. मी टोके उघडीच ठेवली, आणि एका तुळईच्या टोकाला वीतभर लांब चीर गेली. ताकदीवर तिचा परिणाम नगण्य असला तरी तिच्यात पाणी साचते, म्हणून ती दरवर्षी साफ करत बसावे लागते.

आता दाराची चौकट. काही लाकूड उरले होते आणि एवढे भक्कम लाकूड घराला लावले तर पुढच्या तीन पिढ्या नाव काढतील, अशा लोभाने मी मेस्त्रींचा सल्ला डावलला. चौकट चार इंच बाय पाच इंचांची केली. कुसू (खाचेत बसणारी टोके) आणि खाचा कापण्यात मेस्त्रींचे चार दिवस गेले, जिथे सागाला एक दिवस पुरला असता. सांध्यांना पांढरा गोंद लावला तो धरला नाही. इपॉक्सीही घासून खरखरीत केलेल्या भागापुरतेच धरले, म्हणून शेवटी आरपार लाकडी खुंट्या मारल्या. चौकट बसली तेव्हा देखणी दिसत होती, यात शंका नाही. पॉलिश न करताही तिच्यावर जुन्या देवघरासारखी झाक होती, आणि येणारा जाणारा हात फिरवून पाहत होता.

पण लाकूड कच्चे होते. एक्की इतक्या सावकाश वाळते की दोन इंच जाडीच्या फळीलाही सावलीत महिनेच्या महिने लागतात, आणि भट्टीत घाईने वाळवले तर ते तडकते किंवा पिळवटते. म्हणून धक्क्यांच्या आणि पुलांच्या कामांत ते बहुधा ओलेच वापरतात. तिथे चालते, कारण पाण्याकाठी ते फारसे वाळतच नाही. घरात ते वाळू लागले. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग रुंदीत, वर्तुळांच्या दिशेने, साधारण सव्वापाच टक्के आकसतो. एक्की सुमारे ११ टक्के आकसते, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ८ टक्क्यांच्या आसपास. तंतू आलटून-पालटून कललेले, त्यात आकसण्याचे प्रमाण दुप्पट, मग खांब सरळ कसा राहणार? पहिल्या मे महिन्यात उजवा खांब पिळायला लागला. दोरा लावून पाहिले तेव्हा सात फुटांत नऊ मिलिमीटरचा पीळ भरला. दार तासून बसवले. जून उजाडला, घरातल्या मिठाला पाणी सुटू लागले तशी चौकट पुन्हा फुगली आणि तासलेले दारही अडकले. पुन्हा तासले. मग मार्च-एप्रिलात बाजूने बोटभर फट पडून तिच्यातून शेजारच्या मांजरीचे येणे-जाणे सुरू झाले. लाकूड एकदा वाळून स्थिरावले म्हणजे थांबेल अशी आशा होती, पण आपल्या किनाऱ्यावर पावसाळा आणि उन्हाळा यांच्या हवेतल्या ओलाव्यात एवढे अंतर पडते की चार इंचांच्या मापात दरवर्षी दीड-दोन मिलिमीटरची ये-जा ती चौकट करतच राहिली. आमच्या माजघराच्या दाराला आजोबांच्या वेळची फणसाची चौकट आहे. तिची जांका कसोटी कोणी केलेली नाही, पण ते दार बाराही महिने एका बोटाने लागते.

म्हणून माझे मत असे की ज्याला व्हाळावर साकव, होडी लावायला धक्का, मातीत पुरायचे कुंपणाचे खांब किंवा बैलगाडी-ट्रॅक्टर जाणारा फळ्यांचा उतार करायचा आहे, आणि ज्याच्याकडे कार्बाइडची हत्यारे व वजन उचलणारी माणसे आहेत, त्याने एक्की निःशंक घ्यावे. दारे, खिडक्या, कपाटे, देव्हारे, टेबले यांच्या वाटेला जाऊ नये. झोपाळ्याची फळी करावी का, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. करता येईल, पण कड्या आणि आढे त्या वजनाला तोलणारे आहेत का ते आधी पाहावे. लहान तुकड्यांचा मात्र उत्तम उपयोग होतो. मेस्त्रींनी एका उरल्या ठोकळ्याचा लाकडी हातोडा केला आहे आणि एका पातळ पट्टीने त्यांच्या जुन्या रंध्याचा झिजलेला तळ नव्याने बसवला आहे. या दोन्ही वस्तूंबद्दल ते एक अक्षर तक्रारीचे काढत नाहीत.

एक गोष्ट मनाला लागून राहिली, ती लिहिणे भाग आहे. १९९८ च्या मूल्यांकनात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या झाडाची नोंद असुरक्षित जातींमध्ये केली होती, आणि गॅबॉनने २०१० पासून न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. हे लाकूड पाण्यावर तरंगत नाही, तेव्हा जंगलातून ते नदीत सोडून आणता येत नाही. त्याच्यासाठी रस्ता काढावा लागतो, आणि रस्ता निघाला की त्यामागून आणखी काय काय जाते हे सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. माल कुठल्या देशातून, कुठल्या नावाने आणि कसल्या कागदांवर आला हे खरेदीच्या वेळी विचारावे, आणि पावतीवर 'आफ्रिकन साग' न लिहिता खरे नाव लिहून घ्यावे. मी पहिली गोष्ट विचारली आणि दुसरीचा आग्रह धरला नाही. आमच्याकडचा किंजळ किंवा जुना ऐन निवडून घेतला असता आणि खांब पाण्यात उभे करण्याची हौस टाळली असती, तर नुसत्या तुळयांसाठी तो पंधरा-वीस वर्षे पुरला असता, असे मेस्त्री अजून म्हणतात. मला वीस नव्हे, चाळीस वर्षे हवी होती. ती मिळतील असे सध्या तरी दिसते.

गेल्या एप्रिलात मागच्या दाराची चौकट अखेर काढली आणि जागी किंजळाची बसवली. खुंट्या ठोकून बाहेर काढताना एक्कीच्या सांध्याने एवढा विरोध केला की चिऱ्याचा कोपरा निघाला, पण कुसू सुटले नाही. शेवटी ते कापावे लागले. त्या चौकटीचा उंबरठा गिरणीत उभा चिरून घेतला आणि साकवाची अकरावी फळी बदलली. उंबरठ्याची रुंदी पाच इंचच भरली, तेव्हा त्या जागी एक इंचाची फट जास्त राहिली आहे, आणि मेस्त्रींनी शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर हत्यारांची पिशवी उचलत सांगितले, "पुन्ना ह्यां काम माका सांगू नकात."